तिरक्याचं अक्षर

तिरका पेंटर बोर्डावर कधी रेघ मारत नसे. कसबा बावड्यात आमची दुकानं समोरासमोर होती. मी खडू लावलेली दोरी ताणून, पट्टीने मापं घेऊन लिहायचो. तो गालात पान ठेवून थेट ब्रश टेकवायचा. अक्षरं एका बाजूला कललेली, एकाच बोर्डावरचे दोन ‘क’ एकसारखे नाहीत, तरी लोक सायकल थांबवून बघत राहायचे. ‘रेघ दिसली की अक्षर भितंय मर्दा,’ म्हणायचा. त्या कललेल्या अक्षरावरूनच त्याचं नाव तिरका पडलं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. आजही होतो.

नव्वदच्या दशकात मिसळीची हॉटेलं, उसाच्या रसाचे गाडे, तालमींचे गणपती, सगळं त्याच्याकडे. माझ्याकडे पतसंस्था, दवाखाने आणि ‘येथे वाहने लावू नयेत’. त्याने ‘मिसळ’ लिहिलं की भूक लागायची. मी लिहिलं की सूचना वाटायची. एकदा एक डॉक्टर हौसेने त्याच्याकडे गेले, तर त्यानेच त्यांना माझ्या दुकानात आणून सोडलं. ‘माज्या अक्षरात लिवलं तर पेशंटला वाटंल, ह्यो औषध बी चेष्टंनंच देतोय. ह्ये ह्या सदाचं काम,’ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. वर हा भलेपणा! तो मला जास्तच झोंबला.

पुढे फ्लेक्स आले. मी कॉम्प्युटर घेतला, शिकलो आणि मनात म्हटलं, आता बघू. पण गिऱ्हाइकं विचारायला लागली, ‘तिरक्याचं अक्षर न्हाय व्हय ह्यात?’ शेवटी नाक मुठीत धरून त्याच्याकडे गेलो. तुझ्या अक्षराचा फॉन्ट करू दे म्हटलं. तो लगेच तयार झाला, पण माझ्या दुकानात मुळाक्षरं लिहायला बसवल्यावर त्याचा हात चालेना. ‘सुटं अक्षर मला जमत न्हाय गड्या. नावं सांग.’

मी दुकानांची, माणसांची नावं सांगत गेलो, तो ड्रॉइंग पेपरवर लिहीत गेला. प्रत्येक नाव ब्लेडने कापून मी अक्षरं सुटी केली. दोन दुपारी गेल्या, सगळी अक्षरं मिळाली. उठताना त्याने शेवटच्या कोऱ्या कागदावर आपणहून लिहिलं, ‘सदाशिव पेंटर’. म्हणाला, ‘तुजंच ऱ्हायलं हुतं की.’ माझं नाव इतकं देखणं मी कधी पाहिलं नव्हतं.

फॉन्ट खूप चालला. लग्नाचे, वाढदिवसांचे फलक मी त्याच्याच अक्षरात काढले आणि प्रत्येक वेळी मनातून चडफडलो. तिरका लेकीकडे पेठ वडगावला राहायला गेला आणि तिथेच वारला.

महिन्याभराने लेक दुकानात आली. ‘काका, बाबांच्या हातचं काय हाय का तुमच्याकडं? आमच्याकडं एक बोर्डसुदिक न्हाय.’ मी सुट्या अक्षरांचं पाकीट तिच्यापुढे ठेवलं. फॉन्टसाठी सगळं कापावं लागलं, म्हणालो. ती मान हलवून पाकीट घेऊन गेली.

माझ्या नावाचा कागद कापायची काहीच गरज नव्हती. त्या दुपारी तिरका पायऱ्या उतरेपर्यंत मी थांबलो होतो, मग ब्लेड उचललं.