मंजुळाची भरदिवसाची हळद

आमची मंजुळा मैदानाच्या कडेला येऊन बसली, की समोरच्या टीमचा बॉलर आधी तिच्याकडे बघतो आणि मग बॅट्समनकडे. कारण तिला इकडच्या सगळ्या गावांतली घराणी पाठ आहेत. पोरगा बॉल टाकायला धावत निघाला की ही खुर्चीतूनच विचारते, "अरे, तू आडखारच्या हौसाबाईचा नातू ना? आजीचा गुडघा कसा हाय रे आता?" पोरगा धावता धावता म्हणतो, "बरा हाय आजी," आणि बॉल जातो वाइड.

एकदा अंपायर येऊन हात जोडून म्हणाला, "आजी, ओरडू नका हो."

"ओरडतंय कोण? मी चौकशी करतंय."

मंजुळा माझी धाकटी जाऊ. सून म्हणून ती आली तेव्हा मी या घरात तीन वर्षांची जुनी होते, म्हणून मला ती 'बाय' म्हणते आणि माझं ऐकते, असं मी लोकांना सांगते. तिचा बाप मिठागरावर कामाला होता. लहानपणी या बांधावरून त्या बांधावर हाका मारून मारून तिचा आवाज तयार झाला. शाळेत ती माझ्याइतकीच गेली, म्हणजे मास्तर चांगले होते एवढंच आठवतंय.

आमचं खारकोंड गाव दिवा आणि डोंबिवलीच्या मधे दबून बसलंय. शेतं होती तिथं आता बिल्डिंगी आहेत. एकच खाचर मोकळं राहिलं, तेच आमचं मैदान. त्या मैदानातून एकदा टेनिसचा बॉल आला आणि मंजुळाच्या कैरीच्या लोणच्याची बरणी फुटली. ही दांडकं घेऊन गेली. पोरं म्हणाली, "आजी, ओव्हर संपली की मार." ही ओव्हर संपायची वाट बघत बसली. त्याला आता बारा वर्षं होतील. पोरांना मार बसला नाही, आणि ही काही तिथून उठली नाही. गोपीनाथ भावजी, म्हणजे तिचे मालक, म्हणतात, "माझी बायको त्या बॉलानं नेली."

तर आमची टीम, गावदेवी खारकोंड. या वर्षी दसऱ्यापासून पोरांनी असा धडाका लावला की काय सांगू. दोन गावांचे चषक आणले. एक तर एवढा उंच की रिक्षात मावेना, कप्तान देवेश तो मांडीवर घेऊन अर्धा बाहेर लटकत आला. मंजुळा घरोघर पेढे वाटत होती. मधुमेहवाल्यांनासुद्धा सोडलं नाही.

मग तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या टीमला काय झालं देव जाणे. हरली. पुन्हा हरली. लागोपाठ हरायला लागली. साधा हातातला झेल सुटायचा. दोघं एकाच बाजूला धावायचे आणि एकमेकांना विचारायचे, तू इकडे कशाला आलास? आमचा चिराग, ज्याचा बॉल दिसायचा नाही, त्याचा बॉल आता शेजारच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर सापडायचा.

मंजुळानं उपाय केले. अकरा पोरांना ओळीत उभं केलं आणि मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. अंपायर मधे आला तर त्याचीही काढली. गावदेवीला नारळ दिला, मग कोंबडा कबूल केला. तरी हरली. गावातली माणसं मॅचला यायची बंद झाली. शेवटी कडेला आम्ही दोघी, दोन खुर्च्या आणि एक कुत्रा. कुत्रासुद्धा पाठ करून बसायचा.

एक दिवस देवेश आला. चांगला पोरगा, कधी वर बघून बोलत नाही. म्हणाला, "आजी, आडखारवाले चिरागला बोलवतात. तो गेला की त्याचे चौघं दोस्त जातील. मग टीम कशाची? पोरांनी ठरवलंय, आपल्या गावच्या चषकात पहिल्याच मॅचला हरलो, तर या वर्षापासून टीम बंद."

त्या दिवशी मंजुळानं भाकरी अर्धीच खाल्ली, आणि उरलेली अर्धी मीच संपवली, वाया कशाला घालवा.

पुढच्या रविवारी मॅच होती आणि तिथंच सगळा उलगडा झाला. चिराग बाउंड्रीवर, अगदी आमच्या खुर्च्यांसमोर उभा होता. बॉल सरपटत आला, त्याच्या दोन पायांमधून गेला, चौका झाला. पोरगा हलला नाही. मंजुळा उठून जवळ गेली. बघते तर उभ्या उभ्या झोपलेला, आणि कानामागे पिवळा. ती तरातरा मैदानात घुसली. अंपायर ओरडतोय, ही एकेकाचा कान उलटा करून बघतेय. अकराच्या अकरा पोरांचे कान पिवळे!

"काल कोणाकडे होतात रे?"

"विठ्ठलवाडीला, आजी. मामाच्या पोराची हळद होती."

"आणि त्याच्या आधी हरलात तवा?"

पोरं बोटांवर मोजायला लागली. त्याच्या आधी दिव्याला हळद होती. त्याच्या आधी कल्याणला. त्याच्याही आधी आपल्याच गावात, दोन.

आमच्याकडे हळद म्हणजे नुसती हळद नव्हे, लग्नापेक्षा मोठी. दिवेलागणीनंतर सुरू होते, बेंजोचा ताफा वाजतो, सगळं गाव नाचतं, आणि कोंबडा आरवला तरी कोणी घरी जात नाही. कोणाच्या हळदीला जाऊन न नाचता परत आलं तर वर्षभर टोमणे बसतात. पोरं तरी काय करणार? रात्रभर नाचायची, आणि सकाळी तशीच पॅड बांधायची.

मंजुळा येऊन खुर्चीत धपकन बसली. "बाय, आणि मी बिचाऱ्या गावदेवीला कोंबडा दाखवत होते!"

"चल, आता कळलं ना. गावच्या मॅचच्या आदल्या रात्री हळदीला जाऊ नका म्हणून सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मलाही आठवलं. शनिवारी सकाळी मॅच, शुक्रवारी रात्री हळद, आणि ती हळद तिच्याच घरची. तिचा नातू हर्षित, आमच्या टीमचा विकेटकीपर. नवरी आडखारची कल्पिता. आणि मॅचही आडखारशीच!

या हळदीसाठी मंजुळा किती दिवस थांबली होती ते मला ठाऊक. घरातला पहिला नातू. तिनं हिरवं लुगडं घेऊन ठेवलं होतं आणि दार लावून आरशासमोर नाचाचा सराव करत होती. मी फटीतून बघितलंय. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाली, "बाय, हळद दिवसा लावली तर?"

माझा चहा नाकातून आला.

भावकी जमली. मोठे दीर म्हणाले, "दिवसा हळद? लोक विचारतील, घरात कोण गेलं काय?" कोणी म्हणालं, बेंजोवाले उन्हात वितळतील. सगळ्यात अवघड होती सखुबाई. सखुबाई आमची धवलारीण, लग्नाचे सगळे विधी गाण्यांतून लावते. भटजी नसला तर चालतो, ती नसली तर पान हलत नाही. ती म्हणाली, "माझ्या गाण्यात चांदणं हाय. दुपारी चांदणं कुठनं आणू?"

मंजुळा म्हणाली, "तू डोळे मिटून गा."

सखुबाई हसली आणि तिथंच काम झालं.

कल्पिताच्या आजीचा फोन आला. तीच हौसाबाई, गुडघ्याची. म्हणाली, "तुम्ही दिवसा लावता तर आम्हीही दिवसाच उरकू का?"

"अगं नको, नको!" मंजुळा केवढ्यानं ओरडली. "तुमची पोरीची हळद. रात्रीच कर. थाटात कर. लोकांना नाचू दे सकाळपर्यंत. आम्ही उष्टी हळद वाजतगाजत पाठवतो."

नवऱ्याची लावून उरलेली हळद नवरीकडे जाते, ती उष्टी हळद. ती घेऊन दोन-चार बायका जातात, जेवतात, परत येतात. तेवढंच. मी मंजुळाच्या तोंडाकडे बघितलं. ते इतकं भोळं दिसत होतं की मला शंकाच आली.

शुक्रवारी सकाळी दहाला हळद सुरू झाली. काय ती हळद! ऊन टळटळीत, बेंजो चालू, नाचणाऱ्यांचा घाम पिवळा. बिल्डिंगीतली माणसं गॅलरीत येऊन बघत होती, त्यांना वाटलं मोर्चा आहे. हर्षित नखशिखांत पिवळा झाला. मंजुळानं मात्र हिरवं लुगडं नेसून एक गिरकी घेतली न घेतली, आणि लगेच पोरांना जेवायला बसवायला धावली. दिवेलागणीला तिनं बेंजो बंद केला. अकराही पोरांना ओट्यावरून घरात घेतलं, मोबाइल काढून पिठाच्या डब्यात ठेवले, आणि गोपीनाथ भावजींना दारात खाट टाकून बसवलं. पाहुणे मांडवात एकमेकांची तोंडं बघत राहिले. आडखारला उष्टी हळद निघाली. तिच्याबरोबर आमचा अख्खा बेंजो निघाला. मंजुळा बेंजोवाल्याला सांगत होती, "तिथंच थांबा. त्यांचा बेंजो दमला की तुम्ही वाजवा. तुम्ही दमलात की ते वाजवतील. थांबायचं नाय."

"मंजुळे," मी म्हटलं.

"काय बाय? पोरीकडची मंडळी हाय. मान नको द्यायला?"

शनिवारी सकाळी पोरं अशी ताजी उठली की ओळखू येईनात. मैदानात सगळं गाव जमलं होतं, दिवसा हळद लावणारी बाई आता काय करते ते बघायला. आणि तेवढ्यात देवेश पळत आला. "आजी, हर्षित कुठंय?"

"कुठं म्हणजे? घरात."

"कीपिंग कोण करणार?"

मंजुळानं कपाळावर हात मारला. हळद लागलेला नवरा मांडवाबाहेर पाऊल टाकत नाही! तिनं सगळी रीत उलटीपालटी केली, सगळ्यांना झोपवलं, आणि नेमकं हेच विसरली. मी पण विसरले. अख्खी भावकी विसरली. हर्षित मांडवाच्या कडेला ग्लोव्हज घालून उभा, आणि डोळे मैदानाकडे.

मंजुळा सखुबाईचे पाय धरायला वाकली. सखुबाई म्हणाली, "ऊठ गं, नाटकं नको करू." तिनं मांडवाच्या तोरणातली आंब्याची पानं तोडली, हर्षितच्या टोपीत भोवतीनं खोचली आणि म्हणाली, "मांडव त्याच्या डोक्यावर हाय. आता जाईल तिथं तो मांडवातच."

नवऱ्याजवळ कट्यार हवीच, पण हर्षितच्या हातांत ग्लोव्हज, म्हणून ती मंजुळानं घेतली, टोकाला लिंबू टोचून. तर असा आमचा कीपर उतरला, पिवळाधम्मक, डोक्याला पानं, आणि बाउंड्रीवर आजी कट्यार घेऊन. आडखारचा कप्तान केतन, कल्पिताचाच भाऊ, अंपायरला म्हणाला, "हे चालतं का?" अंपायर म्हणाला, "पानांचा नियम नाय आपल्याकडे." केतननं भांडायला तोंड उघडलं, त्यातून मोठी जांभई निघाली, आणि विषय संपला.

आडखारची पोरं उभीच राहत नव्हती. दोन बेंजो झेलले होते त्यांनी. एक जण बॅट टेकवून डोळे मिटून उभा होता, चिरागनं त्याची दांडी उडवली. आवाजानं तो जागा झाला आणि आपण आउट झालो हे त्याला देवेशनं सांगितलं. दुसऱ्याला मंजुळानं विचारलं, "झोप झाली का रे बाळा?" तो म्हणाला, "नाय आजी," आणि रनआउट झाला. तरी शेवटी केतननं दोन छक्के मारून माझा जीव टांगला. शेवटच्या बॉलवर त्यांना चार धावा हव्या होत्या. चिरागनं टाकला, केतनची बॅट निसटती लागली, आणि आमच्या पिवळ्या नवरदेवानं उजवीकडे झेप घेऊन झेल पकडला. पानं उडाली, टोपी उडाली, हर्षित हळदीसकट मातीत. मंजुळा कट्यार घेऊनच मैदानात धावली. तिला बघून अंपायर आधी पळाला.

संध्याकाळी लग्न. अक्षता पडल्या, लाजाहोम झाला. केतन चिरागच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "मग काय? येतो ना आमच्याकडे?"

चिराग म्हणाला, "तुमच्याकडे झोपायला मिळत नाय, भाऊ."

कल्पिता आमच्या पाया पडायला आली. हळूच म्हणाली, "आजी, तो दुसरा बेंजो तुम्ही मुद्दामच रात्रभर थांबवला ना?"

"जेवलीस का गं तू?" मंजुळा म्हणाली.

मग बेंजो सुरू झाला. मंजुळानं हिरव्या लुगड्याचा पदर खोचला आणि मधे उतरली. आदल्या दिवशीची राहिलेली हौस तिची, व्याजासकट बाहेर पडली. पोरं भोवतीनं, हर्षित-कल्पिता भोवतीनं, मला पण ओढलं. देवेश गर्दीतून वाट काढत आला, कानाशी ओरडला, "आजी, उद्या सकाळी सेमीफायनल हाय! पोरांना झोपायला सांग!"

मंजुळानं हात वर ठेवूनच पोरांकडे बघितलं. "चिराग, जा झोपाला!"

"आधी तू थांब, आजी!"

तिनं थांबायला पाहिजे होतं. मी तिला तसं म्हणणारही होते, पण बेंजोवाल्यानं नवं गाणं धरलं.

सेमीफायनलचं मला कोणी विचारू नये. आम्ही दोघी उठलो तेव्हा पोरं ती हरूनही आली होती. पोरं ओट्यावर बसून चहा पीत होती, कानामागे पिवळी, आणि पुढच्या रविवारच्या मॅचला कोण कुठं उभं राहणार यावरून चिराग आणि देवेश तावातावानं भांडत होते. मंजुळानं दारातून त्यांचं भांडण ऐकलं, आणि आत जाऊन त्यांच्यासाठी अजून चहा ठेवला.