दहापैकी किती

तिला तोंडावर सगळे ताई म्हणायचे आणि पाठीमागे मोजपट्टी. तिला ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं. बारा खाटांचं ते केंद्र. बरं होण्याची आशा संपलेली माणसं तिथे यायची आणि त्यांना शेवटपर्यंत दुखू नये, एवढंच तिथलं काम. 'एवढंच' म्हणायला सोपं आहे हो! दुसऱ्याचं दुखणं दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते मोजायचं कसं, यात मोजपट्टीने सतरा वर्षं घातली होती. आधी वॉर्डात सिस्टर म्हणून, मग सगळ्यांच्या कामाचा दर्जा तपासणारी म्हणून. बेल वाजल्यावर किती मिनिटांत माणूस पोचला, कूस किती तासांनी बदलली, नातेवाइकांशी डॉक्टर किती वेळ बोलले, सगळं तिच्या वहीत. झाडूपोछा करणाऱ्या मावशी म्हणायच्या, "ही बाई वारासुद्धा किलोवर मोजून घेईल."

तिची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे दुखण्याचा तक्ता. दर चार तासांनी पेशंटला विचारायचं आणि आकडा लिहायचा. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. त्या आकड्यावर डॉक्टर औषध कमीजास्त करायचे. पूर्वी सिस्टर विचारायच्या, "किती दुखतंय?" त्यातला 'दुखतंय' हा शब्द मोजपट्टीनेच काढून टाकला. "अहो, जरा निवांत पडलेल्या माणसाला दिवसातून सहा वेळा दुखण्याची आठवण कशाला करून द्यायची? पहिल्या दिवशी एकदा नीट समजावून सांगा. मग नुसतं विचारायचं, दहापैकी किती?" सिस्टरांना ते पटलं. विचारायला सोपं, ऐकायला गोड. आकडे भराभर खाली आले.

हा प्रश्न तिच्या तोंडात इतका बसला होता की घरी नवऱ्याच्या ताटात भाजी वाढली तरी ती विचारायची, "दहापैकी किती?" नवरा शहाणा. भाजी करपलेली असो की खारट, तो नऊच्या खाली कधी उतरला नाही.

आणि तिचे आप्पा, म्हणजे वडील, याच केंद्रात गेले होते, पाच नंबरच्या खाटेवर. अडीच वर्षं झाली. शेवटचे चार दिवस आकडा तिने स्वतः विचारला, स्वतः लिहिला. चारही दिवस शून्य. भेटायला आलेल्यांना ती सांगायची, "आप्पा शून्यावर गेले." बाप गेल्याचं दुःख होतंच, पण त्या शून्यावर डोकं टेकून ती झोपू शकायची.

त्या दिवशी अकरा वाजता तपासनीस येणार होते. केंद्राचा आकडा सगळ्यांत कमी, म्हणून मोजपट्टीचा तक्ता जसाच्या तसा आणखी चाळीस केंद्रांना लावायचा होता. फक्त सही व्हायची बाकी होती. सकाळपासून मोठ्या बाई, म्हणजे केंद्रप्रमुख, नवी साडी नेसून उगाच खुर्च्या सरळ करत होत्या.

नऊ वाजता तीन नंबरच्या काकू मोजपट्टीच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान सर, गणिताचे मास्तर, सहा दिवसांपूर्वी दाखल झाले होते. आजार हाडांपर्यंत पोचलेला.

"ताई, जरा बोलायचं होतं. रागावू नका हं."

"बोला की काकू."

"ह्यांचं मनावर घेऊ नका. ह्यांचा हात पहिल्यापासून आखडता. छत्तीस वर्षं गणित शिकवलं, पण कुणाला दहापैकी आठ दिले असतील तर शपथ! स्वतःच्या लेकाला नापास केलंय. आल्या दिवशी तुम्हाला चार तरी दिले होते. मग तीन, मग दोन, आणि कालपासून एकावर आलेत. मी म्हटलं, अहो, एवढं करतात त्या मुली, जरा सढळ हाताने द्या. तर म्हणाले, जेवढं आहे तेवढंच देणार."

मोजपट्टीला आधी हसू आलं. मग ते ओठांवरच थांबलं.

"काकू, सर कशाचे मार्क देतायत?"

"कशाचे म्हणजे? सिस्टर विचारतात ना, दहापैकी किती म्हणून. कसं वाटतंय, त्याचे."

मोजपट्टीने फाइल ओढली. पहिला दिवस, चार. तिसरा दिवस, तीन. शेजारी डॉक्टरांचं अक्षर, 'आराम पडतोय.' चौथा, दोन. 'गुंगी जास्त, डोस कमी केला.' काल, एक. 'डोस आणखी कमी.' तिने तेच आकडे उलटे वाचले. सरांचं दुखणं वाढत होतं, म्हणून सर मार्क कमी देत होते. मार्क कमी, म्हणून डॉक्टर औषध कमी करत होते. औषध कमी, म्हणून दुखणं आणखी वाढत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही दर चार तासांनी, हसऱ्या चेहऱ्याने!

'पहिल्या दिवशी समजावून सांगितलं' या रकान्यात बरोबरची खूण होती. कुणाला सांगितलं? तिने काकूंना विचारलं. "लेकाला सांगितलं असेल," काकू म्हणाल्या. "ह्यांना ताप होता, हे ग्लानीत होते. लेक सोडून गेला तो त्याच दिवशी परत." खूण मात्र ठसठशीत होती. मोजपट्टीनेच तो रकाना आखला होता, आणि त्यात 'कुणाला' असं विचारायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

ती तीन नंबरमध्ये गेली तेव्हा जवळजवळ धावतच गेली. सर उताणे, डोळे छताला. चेहरा अगदी गप्प. पण उजवा हात खाटेच्या दांडीवर आवळलेला आणि चादरीखाली पायाची बोटं एकसारखी मुडपत होती. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. सहा दिवस सगळ्या जणी आरसाच बघत बसल्या होत्या.

"सर, तुम्हाला दुखतंय का?"

सरांनी मान वळवली. "सहा दिवस तेच तर सांगतोय."

"कुणाला सांगितलंत?"

"सगळ्यांना. एक मार्क म्हणजे काय, पास?" बोलताना त्यांना दम लागत होता. "काल दोनाचा एक केला. म्हटलं, आता तरी काही हालचाल होईल. ती पोरगी हसली आणि 'छान' म्हणाली. 'छान' म्हटल्यावर माणसाने पुढे काय बोलायचं?"

मोजपट्टीने बेल दाबली, दाबूनच धरली.

डॉक्टर आले ते घड्याळाकडे बघत. "ताई, एक आहे त्यांचा. आणि परवा गुंगी होती. उगाच डोस वाढवला तर दिवसभर झोपतील, आज नेमके तपासनीस येतायत."

"एक मार्क आहे, डॉक्टर. मार्क! दहापैकी एक. मास्तर आहेत ते."

डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी गेले. मग त्यांनी चादर वर करून सरांच्या पायाची बोटं बघितली, आणि लगेच इंजेक्शन मागवलं. नऊ वाजून बावीस मिनिटं. मोजपट्टी खाटेशी उभी राहिली. काकूंना आता उलगडा झाला होता. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता. "मी जवळ बसून होते हो," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी वर त्यांनाच बोलले, कंजूषपणा करू नका म्हणून." दहा मिनिटांनी काही नाही. पंधरा मिनिटांनी काही नाही. दुसरं इंजेक्शन. दहाच्या सुमाराला सरांचा हात दांडीवरून सुटला आणि अलगद चादरीवर पडला. दांडी जिथे धरली होती तिथे तळहातावर लाल पट्टा उमटला होता.

बाहेर मोठ्या बाई वाटच बघत होत्या. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं.

"झालं ते वाईट झालं, पण सावरलंस ना वेळेवर? मग आज तोंड उघडू नकोस. उद्या तक्त्यात तो 'दुखतंय' शब्द गुपचूप घालून टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि आधीचे?"

"कोण आधीचे?"

"आधीचे दोनवाले. तीनवाले. त्यांना काय होत होतं, मोठ्या बाई?"

"ते आता नाहीत," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "त्यांच्या घरच्यांना तरी सुखाने राहू दे. तुझेही आप्पा आहेत त्यांत, विसरू नकोस."

विसरतेय कसली! नऊ वाजल्यापासून मोजपट्टीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तोंड उघडलं तर चाळीस केंद्रांची सही जाईल, सतरा वर्षांचं नाव जाईल, ते सगळं गेलं तरी चालेल एक वेळ. पण आप्पांचं शून्य जाईल. आप्पा काही अडाणी नव्हते, मास्तरही नव्हते. तिने त्यांना स्वतः समजावलं होतं. समजावलं होतं ना? की नुसती खूण केली होती? तिला आठवेना. ती तोंड धुवायला गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

तपासनीस अकराच्या ठोक्याला आले. सुकलेले गृहस्थ, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी फाइली चाळल्या, बोटाने आकडे मोजले.

"सरासरी एक पूर्णांक चार. उत्तम. इतका कमी आकडा मी कुठेच पाहिला नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मोठ्या बाईंनी चहाचा कप पुढे सरकवला आणि मोजपट्टीकडे बघितलं. त्या नजरेत दटावणीही होती आणि विनवणीही.

"साहेब, सही करू नका," मोजपट्टी म्हणाली. "हा आकडा खोटा आहे."

"खोटा म्हणजे? कुणी फिरवला?"

"कुणीच नाही. आकडे सगळे बरोबर लिहिलेत. प्रश्न चुकलाय, आणि तो मी चुकवलाय." तिने तीन नंबरची फाइल उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं. तपासनिसांनी टोपण परत लावलं.

"असं किती जणांच्या बाबतीत झालं असेल?"

"सांगता येणार नाही. विचारायला त्यातलं कुणी राहिलेलं नाही."

"आणि कधीपासून?"

त्यांनी चुकीच्या नोंदीचा कागद तिच्यापुढे सरकवला. तारखेची जागा कोरी होती. मागच्या आठवड्याची तारीख टाकली असती तरी कुणाला कळणार नव्हतं. मोजपट्टीने साडेतीन वर्षांपूर्वीची तारीख लिहिली, तक्ता सुरू झाला त्या दिवसाची. आप्पांचे चार दिवस त्यात आपोआप आले.

तपासनीस गेल्यावर मोठ्या बाई दार लावून आत बसल्या. मोजपट्टी मागच्या जिन्यात जाऊन बसली आणि तिने आईला फोन लावला.

"आई, एक विचारू? आप्पांना शेवटी 'दहापैकी किती' म्हणजे काय ते कळत होतं का गं?"

"आज काय हे मध्येच?"

"सांग ना."

"न कळायला काय झालं? चांगलं कळत होतं. दहा म्हणजे फार दुखतंय, शून्य म्हणजे नाही. तूच तर बोटांवर मोजून सांगितलंस."

मोजपट्टीने इतका मोठा श्वास सोडला की आईलाही तो ऐकू गेला. डोळे भरून आले. "म्हणजे शून्य खरं होतं," ती म्हणाली. "नव्हतं ना गं त्यांना दुखत?"

पलीकडे आईने टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

"आई?"

"अगं, आता कशाला ते."

"आई, सांग."

"दुखत होतं," आई म्हणाली. "तू खोलीबाहेर गेलीस की माझा हात असा दाबायचे, बांगडी वाकली होती माझी. मी म्हणायची, अहो, पोरगी विचारतेय तर खरं सांगा. तर म्हणायचे, शून्य म्हटलं की तिचा चेहरा बघ कसा खुलतो. तेवढ्यासाठी आपलं काय जातंय."

मोजपट्टी जिन्यात बसून रडली. आवाज न करता नाही, चांगली हुंदके देऊन रडली, आणि वरच्या पायरीवर आलेल्या मावशी बादली तिथेच ठेवून परत फिरल्या.

चार वाजता आकडे घ्यायची वेळ झाली. तीन नंबरला तीच गेली. जाताना तिने काकूंना दारात थांबवून आधी त्यांना विचारलं, मी नसताना सर काय करतात. मग खाटेशी गेली. या वेळी प्रश्नात 'दुखतंय' धरून शब्द न् शब्द होता.

"सर, आत्ता किती दुखतंय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही."

सरांनी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलं आणि जरा विचार केला. "दोन," ते म्हणाले.

मोजपट्टी हसली नाही. तिने पायाकडची चादर वर केली आणि खाली वाकून आधी बोटं बघितली.