नेरकर काकूंचं रिव्हॉल्व्हर

कुवेतमधल्या मराठी घरात दोन गोष्टी कधी कमी पडत नाहीत. एक, टीव्ही-मिक्सरचे रिकामे खोके, "गावी जाताना लागतील" म्हणून पलंगाखाली कोंबलेले. दुसरी, मंडळाच्या नाटकाचे किस्से. खोके निदान कधीतरी शिपमेंटला लागतात. किस्से इथेच राहतात आणि चार माणसं चहाला जमली की कुणीतरी म्हणतंच, "बर्वे, ते रिव्हॉल्व्हरचं सांगा ना." सांगून सांगून माझा घसा बसला, म्हणून आता लिहूनच टाकतो.

मी पोटासाठी एका कंत्राटदार कंपनीत परचेसला आहे आणि हौसेसाठी मंडळाचं बॅकस्टेज बघतो. म्हणजे ज्या कामांसाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, ती सगळी माझी.

*

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो, म्हणजे पुढे दुसऱ्यांची टिंगल करायला मोकळा.

तीन अंकी नाटक होतं. शेवटी बायको पर्समधून रिव्हॉल्व्हर काढते आणि आयुष्यभर छळणाऱ्या नवऱ्याला गोळी घालते. बायको म्हणजे नेरकर काकू. नवरा म्हणजे सावंत. सावंत बँकेत आयटीला आहे, बनेद अल-गारला राहतो आणि खऱ्या आयुष्यात बायकोला विचारल्याशिवाय एसीसुद्धा कमी करत नाही.

रिव्हॉल्व्हर मी खेळण्यांच्या दुकानातून आणलं, काळा रंग दिला आणि सेल काढून टाकले. सेलचा दुसरा कप्पा मुठीच्या आत होता, तो मला दिसला नाही. काकूंनी चाप ओढला तसे नळीत लाल-हिरवे दिवे लागले आणि वाढदिवसाला वाजते तसली एक धून सुरू झाली. सावंत त्या धुनेवर मेला. काकूंचं शेवटचं स्वगत चार मिनिटांचं होतं. त्यांनी ते पूर्ण केलं, एक शब्द न गाळता, पण हॉलमध्ये हसण्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

गाडीत बसताना त्या एवढंच म्हणाल्या, "झालं माझं. आता स्टेज नाही."

*

पुढच्या शुक्रवारी सकाळी नेरकर काका माझ्या दारात. काका शुऐबाच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. तीस वर्षं गेज, व्हॉल्व आणि मीटर दुरुस्त करण्यात गेलेली, त्यामुळे माणसांशीही त्याच बेताने बोलतात. मला वाटलं, शिव्या खाव्या लागणार.

"वस्तू खराब होती, बाई नाही," काका म्हणाले. "पुढच्या वर्षी माझा अकामा, इथे राहायचा परवाना, संपतोय. आम्ही कायमचे जाणार. ती हे हसणं कानात घेऊन जाणार नाही. तेच नाटक परत लावा. वस्तू मी करतो."

कमिटीत कुणाची नाही म्हणायची हिंमत झाली नाही. काकूंनी मात्र हो म्हटलं नाही. त्यांनी सांगितलं, आधी वस्तू बघेन, मग सांगेन.

*

आपण काय केलं असतं? पुठ्ठा, फेव्हिकॉल, काळा रंग. काकांनी ड्रॉइंग केलं. मोठ्या कागदावर, तीन बाजूंनी, खाली कोपऱ्यात चौकट, चौकटीत "रिव्हिजन शून्य". बाजूला चार अटी. नळी भरीव, म्हणजे आत काही जाणार नाही आणि बाहेर काही येणार नाही. गोळ्यांचं चक्र फिरलं पाहिजे. चापाचा आवाज हॉलच्या टोकापर्यंत गेला पाहिजे. चौथी अट: कुणी हसता कामा नये.

सावंतच्या घरी त्यावर मीटिंग झाली. हात थरथरला तर काय, पर्सच्या चेनमध्ये अडकलं तर काय, पडलं तर काय, घामाने निसटलं तर काय. प्लांटमध्ये नवी पाइपलाइन टाकताना विचारतात तसे एकेक प्रश्न काकांनी विचारले आणि उत्तरं लिहून घेतली. अडीच तास! सावंतच्या बायकोने तीनदा चहा केला आणि चौथ्यांदा किचनचं दार लावून घेतलं.

रिव्हिजन चारला काकांनी लाकडाचा नमुना करून आणला. आम्ही सगळे वाहवा करतोय, तेवढ्यात सावंतची नववीतली मुलगी पाणी प्यायला आली. बघून म्हणाली, "बाबा, व्हाय इज अंकल होल्डिंग अ हेअर ड्रायर?"

काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि ड्रॉइंगवर लिहिलं, "रिव्हिजन पाच. मूठ बारीक."

*

मग पार्ट गोळा करायचे शुक्रवार सुरू झाले. अम्गराला सकराब, म्हणजे भंगाराचे वाडे. उन्हात पत्र्याला हात लावला तर कातडी निघेल अशा दिवसांत मी आणि काका डोक्याला ओला रुमाल बांधून फिरायचो. शिलाई मशीनची स्प्रिंग, दाराच्या क्लोजरची खिट्टी, कुठल्याशा रॅचेट पान्यातली दातेरी चकती, कारण चक्राची कट्‌कट् तिच्यातून येणार होती. काका प्रत्येक तुकडा कानाजवळ नेऊन वाजवायचे.

काय बनवताय असं विचारलं तर काय सांगायचं, हा मोठा प्रश्न होता. या देशात असल्या वस्तूचं नाव बाजारात मोठ्याने घ्यायचं नसतं. म्हणून ठरलं, शॉवर बनवतोय म्हणायचं. एका वाड्यातला पेशावरी चाचा इतका भला निघाला की त्याने दीड तास हिंडवून आम्हाला तेवीस जुने शॉवर दाखवले. प्रत्येक शॉवर कुठल्या व्हिलातून आला तेही सांगितलं. आता काही न घेता निघणं बरं दिसेना, म्हणून काकांनी एक घेतला.

काकूंच्या रिव्हॉल्व्हरची नळी त्या शॉवरची आहे. काकांनी ती आतून लोखंडी सळीने ठासून भरली, पण आहे शॉवरचीच.

*

चक्र लेथवर काढायचं होतं. लेथ इक्बालभाईंच्या वर्कशॉपमध्ये. इक्बालभाई दापोलीकडचे, मंडळाच्या प्रत्येक नाटकाचा सेट त्यांच्या पिकअपमधून जातो. ड्रॉइंग बघून त्यांनी हात मागे घेतला.

"मी ह्या बनवणार नाय," ते म्हणाले. "आमी दर्यावरची माणसं. माझ्या घरात कोणी बंदूक बघितली पण नाय."

काकांनी नळी भरीव आहे हे दाखवलं, अटी वाचून दाखवल्या. इक्बालभाई ढिम्म हलेनात. शेवटी काका म्हणाले की हे काकूंसाठी आहे. इक्बालभाईंनी मागच्या वर्षी शेवटच्या रांगेतून ते हसणं ऐकलं होतं. ड्रॉइंग परत ओढून घेत ते म्हणाले, "मग असा सांगा ना. माप द्या."

दोन शुक्रवार खपून त्यांनी पितळेचं चक्र काढलं. आरशासारखं. त्यावर सहा खोलगट खळगे असायला हवे होते, ते सात झाले होते. मी म्हटलं राहू द्या, लोक काय मोजणार आहेत? काका म्हणाले, एक जण मोजेल, तो शेजारच्याला सांगेल आणि दोघं हसतील. मला वाटलं, आता इक्बालभाई आम्हाला हाकलणार. त्यांनी ते चक्र भंगाराच्या डब्यात टाकलं, मशीनला नवा तुकडा लावला आणि वर न बघता म्हणाले, "बर्वे, तुमी बाहेर बसा. तुमी ऱ्हायलात की मोजण्यात चूक होते."

*

दरम्यान आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. ग्रुपला नाव देणाऱ्या शहाण्या माणसाने, म्हणजे सावंतने, नाव दिलं होतं "रिव्हॉल्व्हर", तेही इंग्रजीत.

ऑफिसात मीटिंग होती. माझा लॅपटॉप पडद्याला जोडलेला, सिमेंटचे दर चाललेले, आणि कोपऱ्यात निरोप उगवला: "रिव्हॉल्व्हर: ट्रिगर ओके. विल ट्राय ऑन सावंत फ्रायडे."

सिमेंटचे दर पुढे चालू राहिले. मीटिंग संपल्यावर मुदीरने, म्हणजे आमच्या इजिप्शियन साहेबाने, मला थांबवून दार लावलं. मी वीस मिनिटं घाम पुसत सगळं सांगितलं. तिन्ही अंकांची गोष्ट सांगितली, शॉवरसकट. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं.

"हा सावंत," त्याने विचारलं, "मरण्याच्या लायकीचा आहे ना?"

मी म्हटलं, नाटकात आहे. त्याने पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या मागून घेतल्या. ग्रुपचं नाव त्याच दुपारी "तिसरा अंक" झालं.

*

रिव्हिजन नऊला वस्तू तयार झाली. काकांनी ती पिवळ्या फडक्यात गुंडाळून घरी नेली, मला बरोबर घेतलं. एकट्याने दाखवायची त्यांना भीती वाटत होती, असं त्यांनी मला लिफ्टमध्ये सरळ सांगितलं. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या तोंडून मी भीती हा शब्द ऐकला नव्हता.

काकू मेथी निवडत होत्या. त्यांनी हात पुसले, वस्तू उचलली, उलटीसुलटी केली. चक्र फिरवलं, कट् कट् कट्. मग उभ्या राहून फ्रिजवर नेम धरला. हात किंचित खाली आला.

"जड आहे," त्या म्हणाल्या.

काका लगेच म्हणाले की दोनशे ग्रॅम कमी करता येतील, मूठ आतून पोखरतो, आठवडा द्या.

"नको. हलक्या वस्तूने माणूस मरत नाही, हे कळलंय मला," काकू म्हणाल्या. "तालीम कधी आहे?"

मी उगाच मेथीच्या दोन काड्या निवडल्या.

*

आता शेवटचा किस्सा.

सालमियातल्या एका शाळेचा हॉल. प्रयोगाच्या दिवशी दुपारी हॉलच्या जॉर्डेनियन मॅनेजरने वस्तू बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. नळी भरीव आहे हे त्याने काडी घालून तपासलं, तरी त्याचं समाधान होईना. कुणी उचलून खेळलं तर? बाहेर घेऊन गेलं तर?

काकांना असल्या प्रश्नाचं एकच उत्तर माहीत होतं. प्लांटमध्ये मशीन दुरुस्त करताना टेक्निशियन तिच्या स्विचला स्वतःचं लाल कुलूप लावतो आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधतो. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो, कारण आत माणूस असू शकतो. काकांनी गाडीतून आपलं लाल कुलूप आणलं, चापाच्या कडीतून घातलं, चिठ्ठी बांधली, चावी खिशात टाकली. मॅनेजर खूश झाला. काका म्हणाले, तिसऱ्या अंकाआधी मी काढतो.

पहिला अंक सुरू व्हायच्या आत काकांना प्लांटमधून फोन आला. काहीतरी ट्रिप होऊन बंद पडलं होतं आणि बोलावलं की जायची पाळी त्या दिवशी त्यांचीच होती. तासाभरात येतो म्हणून गेले. चावी खिशातच.

दुसरा अंक संपता संपता त्यांचा फोन आला, काम झालंय, निघालोय, रस्त्याला गर्दी आहे. तिसरा अंक अर्ध्या तासाचा आणि रिव्हॉल्व्हर त्यात विसाव्या मिनिटाला. इक्बालभाई पिकअपमधून कटर घेऊन आले, पण कुलूप बघून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी कटर कुलपाला लावला.

"बर्वे," काकू म्हणाल्या, "ते त्यांचं कुलूप आहे."

मी म्हटलं, काकू, लोक हसतील. त्यांनी कुलपासकट, चिठ्ठीसकट ती वस्तू पर्समध्ये टाकली आणि एंट्री घेतली.

विसाव्या मिनिटाला त्यांनी पर्स उघडली. लाल कुलूप आणि पांढरी चिठ्ठी खाली लोंबतेय. विंगेत मी डोळे मिटले. हॉलमध्ये अर्ध्याहून जास्त माणसं शुऐबाच्या प्लांटांमधली होती, लाल कुलूप ओळखणारी. काही ऐकू येईना, म्हणून डोळे उघडले. सावंत आपलं वाक्य विसरून कुलपाकडे बघत होता.

"बसा," काकू त्याला म्हणाल्या. "हे ज्याचं आहे तो येऊन उघडेल. तोवर इथून कुणी हलायचं नाही."

हे नाटकात नव्हतं. सावंत बसला. काकू समोरच्या खुर्चीत बसल्या, वस्तू मांडीवर. दोन मिनिटं गेली, पाच गेली. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. सातव्या मिनिटाला सावंतने बारीक आवाजात विचारलं, "किती वेळ?"

"वाटेत आहेत," काकू म्हणाल्या.

अकराव्या मिनिटाला हॉलचं मागचं दार उघडलं. काका निळ्या कव्हरऑलमध्ये, पायात सेफ्टी शूज. खुर्च्यांच्या मधून ठक ठक चालत आले आणि पायऱ्या चढून स्टेजवर गेले. कुणाकडे बघितलं नाही. कुलूप उघडलं, चिठ्ठी सोडली, घड्याळात बघून तिच्यावर वेळ लिहिली, सही केली. वस्तू मुठीच्या बाजूने काकूंच्या हातात दिली.

"लाइन क्लिअर आहे," म्हणाले, आणि खाली उतरून पहिल्या रांगेपाशी उभे राहिले.

काकू उठल्या. सावंतही उठला. काकूंनी चाप ओढला, आवाज झाला, सावंत पडला. मग काकूंनी चार मिनिटांचं स्वगत म्हटलं, आणि त्यातला प्रत्येक शब्द ऐकू आला.

पडदा पाडायचं काम माझं होतं. मी दोरी धरून नुसता बघत राहिलो. बराच वेळ गेल्यावर मेलेला सावंत डोळे मिटूनच म्हणाला, "बर्वे, पडदा."

ते अख्ख्या हॉलने ऐकलं. कुणी हसलं नाही.