बर्फाच्या खोक्यावरची तार

तो फ्रीज आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना, म्हणून बाहेरच्या खोलीतच राहिला, आप्पांच्या कॉटच्या पायथ्याशी. आई हडपसरला एका सोसायटीत पोळ्या करायला जायची. तिथलं एक कुटुंब परदेशी निघालं आणि जाताना त्यांनी तो दोन दारांचा फ्रीज आईला देऊन टाकला. मागून पाण्याची बारीक नळी जोडली की तो आपोआप बर्फ करायचा आणि आतल्या प्लास्टिकच्या खोक्यात टाकायचा. खोक्यात तुकडे पडले की खडखड वाजायचं. आप्पा म्हणायचे, "घातली बघा अंडी."

माझे वडील म्हणजे आप्पा. त्यांनी बरीच वर्षं हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवली. ट्रॅफिकमध्ये बस सोडून उतरता येत नाही, म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायची सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली होती. पुढे त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. या दोन गोष्टींचा संबंध आहे का, हे मला नीट सांगता येणार नाही. डॉक्टरांनी साखर आणि रक्तदाब अशी कारणं सांगितली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं आणि पाणी मोजून मिळू लागलं. आई रोज सकाळी एक बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवायची. त्यात दिवस काढायचा. फारच घसा सुकला तर बर्फाचा लहान तुकडा तोंडात धरा, असं डॉक्टर म्हणाले होते. जास्त पाणी अंगात साठलं तर श्वास अडकेल, हेही त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं होतं.

आणि एक दिवस फ्रीजचा बर्फ बंद झाला.

"बिघडला असेल," आई म्हणाली. "वापरलेली वस्तू, किती दिवस चालणार?" तिने कुठूनतरी एक छोटा ट्रे आणला, त्यात सहा तुकडे व्हायचे. त्यातले दोन-दोन वाटीत घालून ती आप्पांना देऊ लागली.

दोन आठवडे असे गेले. मग एका रविवारी, आई कामावर गेल्यावर, आप्पा मला म्हणाले, "कॉलेजात जाता ना, सायेब? बघा की जरा. का तिथं नुसतंच बसता?"

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय फिजिक्स. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजी छापलेला कुठलाही कागद आला की तो माझ्या हातात दिला जायचा. दवाखान्याचे रिपोर्टसुद्धा. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण तसं सांगायला जीभ रेटत नसे. निदान हे तरी आपल्याला जमावं, असं मला फार वाटलं.

फ्रीज ओढून मागची नळी बघितली. कुठे दुमडली नव्हती. ती काढून बादलीत सोडली तर पाणी व्यवस्थित आलं. आप्पा कॉटवरून टॉर्च धरून होते आणि मधूनमधून विचारत होते, "घावलं का?"

"नाही अजून."

"गाडी असती तर मी आवाजावरनं सांगितलं असतं."

मग मोबाइलवर त्या फ्रीजचं माहितीपुस्तक शोधलं आणि एकेक ओळ लावत बसलो. खोक्यावर एक तार असते. खोकं भरलं की बर्फ ती तार वर उचलतो आणि यंत्र थांबतं. बर्फ काढला की तार खाली येते आणि यंत्र पुन्हा चालू होतं. मी आत बघितलं. खोकं रिकामं होतं आणि तार वर होती. अडकली असेल, असं वाटलं. बोटाने खाली दाबली तर टक् करून बसली.

चारच्या सुमाराला पहिले तुकडे पडले. आप्पांनी शेजारच्या काकांना हाक मारून बोलावलं. "पोरानं केला. मेकॅनिक न्हाय, कोण न्हाय. पुस्तक वाचून केला."

आई आली तेव्हा पुन्हा खडखडलं. ती पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.

"कोणी चालू केला?"

"मी."

"बरं," म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, दमली असेल.

त्यानंतरचे तीन दिवस मी कॉलेजात होतो आणि आई कामावर. दुपारी घरात आप्पा एकटे असायचे आणि पायाशी भरलेलं खोकं. मी फिजिक्सचा विद्यार्थी. बर्फ वितळला की पाणी होतं, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

चौथ्या दिवशी आम्ही तिघे डायलिसिसला गेलो तेव्हा आप्पांच्या पायांवर सूज होती आणि रिक्षातून उतरतानाच त्यांना धाप लागली. वजन काट्यावर बघून तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "काका, कुणाच्या लग्नाला जाऊन आलात? चार किलो जास्त?"

"बाटलीतलंच प्यालो," आप्पा म्हणाले. "विचारा हिला."

ते खरंच होतं. बाटलीतल्यापेक्षा एक थेंबही पाणी ते जास्त प्यायले नव्हते.

त्यांना ऑक्सिजन लावला आणि ठेवून घेतलं. बाहेर बाकावर आई बराच वेळ पदराच्या टोकाला पीळ देत बसली. मग म्हणाली, "ती तार मीच वर केली होती."

मला आधी समजलंच नाही.

"ज्यांनी फ्रीज दिला त्या बाई गावाला जाताना तशीच वर करून ठेवायच्या. मी बघितलं होतं." ती थांबली. "अरे, माणसाला दिवसातून किती वेळा नको म्हणायचं? माझ्याच्याने होईना. म्हटलं, फ्रीजच म्हणू दे. मग तू चालू केलास, ते सगळ्यांना कौतुकाने सांगत होते, परत वर करवेना."

"मला सांगायचं ना, आई."

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं. त्यांनी विचारलं असतं आणि तू सांगितलं असतंस."

ते तसंच झालं असतं.

आप्पा घरी यायच्या आधी मी खोकं मोरीत रिकामं केलं आणि तार वर केली. दुसऱ्या दिवशी आई आणि मी घरीच राहिलो होतो. दुपारी आप्पा कॉटवरून म्हणाले, "आज आवाज न्हाय."

"पार्ट गेला, आप्पा. आता मिळत नाही तो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फ्रीजच्या दाराकडे बघत होतो.

"नीट बघितलंस?"

"बघितलं."

"मग गेलाच असंल."

शेजारचे काका आले, त्यांनाही ते म्हणाले, "पार्ट मिळत न्हाय त्याचा. पोरगं म्हणलं." आप्पांनी ते खरं मानलं की मला सांभाळून घेतलं, हे मला कधीच कळलं नाही. विचारायचं मनात होतं. पण त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

त्या दुपारी आईने वाटीत दोन तुकडे आणून दिले. आप्पांनी एक तोंडात टाकला आणि दुसरा माझ्यापुढे धरला.

"घे. ऊन लई हाय."

मी तो घेतला. विरघळून संपेपर्यंत तोंडात धरून ठेवला.