सोनेरी डॉलरचा भाव

जगन कोळी उरणच्या खाडीकाठचा. ऐन उमेदीत तो न्हावा शेवाला आलेल्या जहाजांवर लाँचमधून भाजी, अंडी, चिंबोऱ्या म्हणजे मोठे खेकडे पोचवायचा. एका जहाजावरचा फिलिपिनो खानसामा चिंबोऱ्यांवर भारी खूश. त्यांचे पैसे तो अमेरिकेच्या सोनेरी डॉलर-नाण्यांत द्यायचा आणि मोडक्यातोडक्या हिंदीत, हातवारे करत सांगायचा, "हे नाणं अमेरिकेत कोणी वापरत नाही, सगळ्यांना नोटाच हव्या. जपून ठेव. उद्या शोधून मिळणार नाही, तेव्हा सोन्याच्या भावाने जाईल."

जगनच्या डोक्यात ते पक्कं बसलं. सहा-सात वर्षांत नव्वदेक नाणी जमली. फडक्यात बांधून त्याने ती तांदळाच्या पिंपात ठेवली.

बायको गोदू मासळीबाजारात बसायची. तिचा आवाज अख्ख्या बाजारात घुमायचा. पन्नाशी उलटली आणि कानांनी दगा दिला. गिऱ्हाईक मांदेली मागायचं, ही बोंबलांचा वाटा पुढे करायची. डॉक्टरांनी कानाचं मशीन सांगितलं. नेमका तेव्हाच शेजारचा शैलेश अमेरिकेला निघाला होता. तो म्हणाला, "जगनकाका, नाणी मला द्या. डॉलरच्या चालू भावाने पैसे देतो."

साधं मशीन तेवढ्यात आलं असतं. पण जगन म्हणाला, "आता नाय. अजून धा वर्सं जाऊ दे, मग बघ भाव." आणि गोदूच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "परदेशी मशीन घेईन तुला!"

तिने मान डोलावली.

पुढे तिची मासळीची पाटी सुटली. मुलगा हरेश नोकरीला लागला, कामोठ्यात राहायला गेला आणि दोघांना घेऊन गेला. तिथे गोदू गॅलरीत बसून असायची. कुणी काही बोललं की हसायची. काय बोललं ते तिला कळायचं नाही. नात मनस्वीने आजीला हाक मारणंच सोडलं, हात धरून ओढायची. गेल्या वर्षी गोदू गेली. शेवटचे चार दिवस जगन तिच्याशी बोलत होता.

वर्षश्राद्ध झाल्यावर तो फडकं घेऊन पनवेलला जुन्या नाण्यांच्या दुकानात गेला. दुकानदार कमलाकरशेटने भिंगातून दोन-चार नाणी पाहिली.

"काका, ही कोट्यवधी पाडलीत. लोकांनी घेतली नाहीत म्हणून तिजोऱ्यांत कोरी करकरीत पडून आहेत. संपलीच नाहीत, तर दुर्मिळ कशी होणार? पन्नास वर्षांनीही डॉलरला डॉलरच."

"आज काय मिळेल?"

"बँक परदेशी नाणं घेत नाही. मी निम्म्याने घेईन."

जगनने फडकं बांधलं आणि घरी आला. हरेश कामावरून आल्यावर त्याला सगळं सांगितलं. "तवाच शैलेशला दिली असती तर तिला ऐकू आलं असतं रं."

हरेश त्याच्याजवळ बसला. मग म्हणाला, "बाबा, पहिल्या पगारात मी मशीन आणणार होतो. आयनंच आणू दिलं नाय. म्हणाली, त्यांनी घेईन म्हटलंय. तू आणलंस तर त्यांचे डॉलर खोटे पडतील."

गोदूचा त्या नाण्यांवर खरंच विश्वास होता, की ती फक्त त्याचं मन राखत होती, हे आता कुणाला विचारणार? सून कोमल दोनदा जेवायला बोलावून गेली. तो उठला नाही.