तक्रारदार गैरहजर

हे आजवर माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. घरी नाही, कचेरीत नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

खासगी सुरक्षा कंपन्यांच्या परवान्यांचं काम माझ्याकडे होतं. रखवालदारांनी कुणाला मारलं, कोंडून ठेवलं अशी तक्रार आली की चौकशीला जायचं, अहवाल लिहायचा. महादेवीची तक्रार अशीच आली. अक्कलकोटकडची बाई, चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला. चोरीचा संशय घेऊन गेटवरच्या रखवालदारांनी तिला अनवाणी, भर उन्हात, लोखंडी पत्र्यावर उभं केलं होतं. तळपाय भाजले. टॉवेल नंतर दुसऱ्याच गाठोड्यात सापडले.

मी गेलो तेव्हाही दुपारच होती. ती दुपार अजून डोळ्यांपुढे तरंगते — पांढरं ऊन, हवेत कापसाचे तंतू, यंत्रांचा लांबून येणारा एकसुरी आवाज. सगळं पाण्याखाली गेल्यासारखं. गेटबाहेर लिंबाखाली ती बसली होती, पायांना फडकी गुंडाळून. मला बघून उठली. उठताना झाडाला धरलं.

मी थांबलो का? नाही.

सुरक्षा कंपनीचा मालक पोलिसातून निवृत्त झालेला, आमच्या साहेबांच्या ओळखीचा. साहेब मला काही बोलले नव्हते. या मालकानंही काही मागितलं नाही. पंख्याखाली बसवलं, ताक दिलं, घरची विचारपूस केली. मला झापड येत होती. आणि तिथंच बसून मी लिहिलं — 'तक्रारदार गैरहजर. तक्रारीत तथ्य नाही.'

बाहेर आलो, ती तिथंच. मी जीपची काच वर केली.

परवान्याचं नूतनीकरण झालं. खोटी तक्रार केली म्हणून महादेवीचं काम गेलं. महिन्याभरानं ती कचेरीत आली, माझ्या टेबलापुढं उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"साहेब, मी तितंच हुते की. तुमी बघितलं मला."

शेजारचे कारकून ऐकत होते. मी म्हणालो, "तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, बाई."

ती बघत राहिली. रागानं नाही — आपण खरंच तिथं होतो का, असं स्वतःलाच विचारत असल्यासारखी. मग कठड्याला धरून, सावकाश, जिना उतरून गेली.

तिचा गैरसमज नव्हता. मी तिला पाहिलं होतं. दोनदा — जाताना, आणि येताना.