तोडीनं मार्क वाढत न्हाईत

चाचा माईकसमोर बोलण्यापेक्षा गप्प राहण्यात जास्त तरबेज होते. रेडिओवर शास्त्रीय संगीताचं निवेदन करताना ते रागाचं नाव सांगायचे, गाणाऱ्याचं नाव सांगायचे आणि थांबायचे. त्या थांबण्यात ऐकणारा सावरून बसायचा. मी त्यांच्या हाताखाली निवेदन शिकले. एकदा एका गायिकेबद्दल मी ‘स्वरांची पखरण’ वगैरे बोलून बसले. बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, ‘‘बेटी, पाहुणा दारात उभा हाय अन् तू त्याची तारीफच करून राहिली. आत तर येऊ दे त्याला.’’

घरी बोलणं नायगावकडचं, अर्धं उर्दू. माईकवर मात्र एकेक शब्द धुतलेला. किनवटच्या आश्रमशाळेतले एक गुरुजी त्यांना भेटायला आले आणि त्यांनाच विचारू लागले, ‘‘ते निवेदक कुठं हायत?’’ चाचा म्हणाले, ‘‘ते आत ऱ्हातात. मी त्यांचा भाऊ.’’

भूकंप झाला त्या दिवशी सकाळची सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, चाचांकडं होतं. हादरा आम्हालाही जाणवला होता, पण कुठं काय पडलं ते ठाऊक नव्हतं. सभा सुरू झाली आणि फोन आला, किल्लारीकडची गावंच्या गावं बसली. चाचांची लेक सलमा त्याच भागात दिलेली. मी आत जाऊन त्यांच्या कानात सांगितलं. पुढं सनई लागायची होती. त्यांनी ती टेप बाजूला काढली, माईक उघडला. ‘‘आता सारंगी,’’ एवढंच म्हणाले. सभा संपवूनच ते उठले.

सलमा ढिगाऱ्याखाली सापडली. तिला माती देऊन चाचा कामावर आले, तेव्हा टेबलावर मेमो ठेवलेला होता: परवानगीशिवाय कार्यक्रम का बदलला?

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. आमच्या सकाळच्या संगीतालाही एक क्लास प्रायोजक मिळाला. नवे साहेब म्हणाले, ‘‘जरा जोशात बोला. हा राग ऐकला की अभ्यास लक्षात राहतो, मार्क वाढतात, असं सांगा.’’

‘‘साहेब, तोडीनं मार्क वाढत न्हाईत. माणूस जरा गप्प बसतो, तेवढंच.’’

पुढच्या महिन्यापासून त्यांना बोलावणं आलं नाही. नोकरी कायम नव्हतीच. त्यांच्या जागी आलेला मुलगा आलापावरच बोलत सुटायचा.

काही वर्षांनी माझ्या मुलाच्या क्लासच्या प्रवेशासाठी मी लातूरला गेले. समोरून क्लासच्या जाहिरातीचा भोंगा लावलेली रिक्षा आली. ‘‘चला, चला! डॉक्टर व्हायचंय ना?’’ आवाज चाचांचा होता. पत्ता काढत मी ती जाहिरात रेकॉर्ड करणाऱ्याच्या खोलीवर पोचले. चाचा चहा पीत बसले होते. मला पाहून उठले, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. मी विचारलं, ‘‘चाचा, आता काय ऐकता?’’

‘‘गाण्याचं इथं काढू नको बेटी. ते आवाजात उतरतं. मग हे लोक पुन्हा रेकॉर्डिंग करायला लावतात.’’

चाचा गेल्याचं मला उशिरा कळलं. ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यातही लातुरात ती रिक्षा फिरत होती, आणि चाचा ओरडून सांगत होते, लवकर या, मोजक्याच जागा उरल्या आहेत.